कशावरून? वर्गातल्या शोधखेळातून वैज्ञानिक पद्धतीचे शब्द कसे शिकवावेत

सातवीच्या वर्गात ‘निरीक्षण म्हणजे काय?’ असे विचारले, तर उत्तर बहुधा बिनचूक येते, कारण व्याख्या पाठ असते. त्याच वर्गासमोर दुधाचा पेला ठेवून ‘तुमचे निरीक्षण लिहा’ म्हटले, की बऱ्याच वह्यांत ‘दूध नासले आहे’ असे वाक्य सापडते. नासले हे निरीक्षण नव्हे. आंबट वास येतो, गाठी झाल्या आहेत, वर पिवळसर पाणी सुटले आहे, ही निरीक्षणे. आणि दूध नासले, हे त्यांवरून काढलेले अनुमान. पुढे प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण आणि निष्कर्ष असे चार मथळे वर्षानुवर्षे लिहिले जातात. पण निरीक्षणाच्या मथळ्याखाली निष्कर्ष आणि निष्कर्षाच्या मथळ्याखाली मार्गदर्शकातून उतरवलेले वाक्य, अशी सरमिसळ दहावीपर्यंत टिकते. तिचे मूळ शब्दांच्या कच्चेपणात आहे, असे माझे मत अनेक वर्षे विज्ञान शिकवताना पक्के होत गेले.

या शब्दांसाठी मी वर्गात एक शोधखेळ घेते, त्याची पूर्ण रीत या लेखात दिली आहे. पहिल्यांदा हा खेळ घेतला तेव्हा मी व्याख्यांची कार्डे बाकांखाली, खिडक्यांत आणि नकाशामागे लपवली होती. मुलांनी दहा मिनिटांत सगळी कार्डे गोळा केली, वर्गात मोठा आनंद झाला, आणि दुसऱ्या दिवशी जिंकलेल्या गटालाही चल आणि नियंत्रण यांतला फरक सांगता आला नाही. कार्ड सापडणे आणि शब्द कळणे यांचा काही संबंधच त्या खेळात नव्हता. म्हणून आताच्या रचनेत एकच अट मी कसोशीने पाळते: शब्द योग्य रीतीने वापरल्याशिवाय पुढचा माग मिळता कामा नये.

शब्दांची निवड

एका खेळात दहांहून अधिक शब्द घेऊ नयेत. माझी यादी अशी आहे: निरीक्षण, अनुमान, परिकल्पना, प्रयोग, चल, नियंत्रण, मापन, नोंद, पुनरावृत्ती आणि निष्कर्ष. यांपैकी काही शब्द मुलांच्या कानावर आधीच वेगळ्या अर्थाने पडलेले असतात, आणि खरी अडचण तिथेच असते. ‘चल’ म्हटले की मुलांना ‘चल, जाऊ या’ आठवते आणि वर्ग हसतो. ते हसू दाबू नये. जे चालते, हलते, बदलते ते चल, असे त्यातूनच सांगता येते, आणि गणितातल्या चलाशीही दुवा जुळतो. ‘नियंत्रण’ म्हणजे वाहतूक नियंत्रण किंवा रोगनियंत्रण, एवढेच मुलांना ठाऊक असते. प्रयोगात मात्र नियंत्रण म्हणजे जे तपासायचे ते एकच सोडून बाकी सगळे जसेच्या तसे ठेवणे.

परिकल्पनेच्या जागी काही पुस्तकांत ‘गृहीतक’ हा शब्द येतो. मी तो या वयात टाळते. एक तर ‘गृहीत धरणे’ म्हणजे न तपासता मानून चालणे, असा मराठीतला नेहमीचा अर्थ आहे, आणि परिकल्पना तर तपासण्यासाठीच मांडायची असते. शिवाय नववीत गेल्यावर भूमितीत युक्लिडची गृहीतके भेटतात, ती सिद्ध न करता स्वीकारलेली विधाने असतात. तेव्हा गोंधळ आणखी वाढतो. ‘अनुमान’ या शब्दाचीही काळजी घ्यावी लागते, कारण मोठ्या भावंडांच्या जुन्या वह्यांत निष्कर्षाच्या जागी तोच शब्द लिहिलेला मुलांना सापडू शकतो. या खेळापुरते मी असे ठरवून सांगते: एखाद्या निरीक्षणावरून लगेच बांधलेला अंदाज म्हणजे अनुमान, आणि प्रयोग करून, पुन्हा करून, नोंदी ताडून पाहिल्यावर जे ठामपणे म्हणता येते तो निष्कर्ष. सेमी इंग्रजीच्या वर्गात कार्डाच्या मागील बाजूस ऑब्झर्वेशन, हायपोथिसिस, व्हेरिएबल असे प्रतिशब्द लिहावेत, म्हणजे इंग्रजी पुस्तक वाचताना मुलांची धांदल उडत नाही.

खेळाच्या आदल्या दिवशी वर्गफळ्याच्या कोपऱ्याकडे मुलांचे लक्ष वेधावे. तिथे रोज लिहिलेले असते: पट ३५, हजर ३१. कोणता आकडा रोज बदलतो आणि कोणता तसाच राहतो, एवढेच विचारावे. हजर संख्या हा चल, पट हा स्थिर. आणि रोज ती संख्या लिहिली जाते, ही झाली नोंद. तीन शब्द पाच मिनिटांत मुलांच्या डोळ्यांसमोर येतात, तेही त्यांनी आजवर कधी नीट न पाहिलेल्या कोपऱ्यातून.

चार दिवस आधीची तयारी

हा खेळ ३५ मुलांसाठी, सात-सात जणांचे पाच गट आणि पाच थांबे असा मांडला आहे. त्याला ३५ मिनिटांच्या दोन सलग तासिका लागतात. खर्च नगण्य आहे. लागते ती आधीची मांडामांड.

सर्वांत आधी, म्हणजे खेळाच्या चार दिवस अगोदर, मुगाच्या तीन वाट्या मांडाव्यात. तिन्ही वाट्या एकसारख्या असाव्यात, प्रत्येकीत कापसाचा सारखा थर आणि त्यावर २० कोरडे मूग ठेवावेत. पहिल्या वाटीत पाणी घालून ती उजेडात ठेवावी. दुसरीत तेवढेच पाणी घालून ती पुठ्ठ्याच्या खोक्याखाली, पण पहिलीच्या शेजारीच ठेवावी. तिसरी कोरडीच, उजेडात. इथे एक चूक हमखास होते: मोड लवकर यावेत म्हणून मूग आधी भिजवले जातात. भिजवलेला मूग पोटात पाणी घेऊनच वाटीत येतो, त्यामुळे कोरड्या वाटीतही एखादा मोड फुटतो आणि सगळी तुलना बिघडते. पहिल्या दोन वाट्यांत रोज चमच्याने मोजून सारखेच पाणी घालावे आणि ते किती घातले, हे वाट्यांजवळच्या कागदावर लिहीत जावे. तो कागद पुढे मुलांना नोंदीचा नमुना म्हणून उपयोगी पडतो.

त्यानंतर पाच काडेपेट्या रिकाम्या करून त्यांवर १ ते ५ क्रमांक घालावेत. एकीत चिंचोका, दुसरीत बटण, तिसरीत खडूचा तुकडा, चौथीत चिमूटभर साबुदाणा ठेवावा आणि पाचवी रिकामीच ठेवून सगळ्या चिकटपट्टीने बंद कराव्यात. रिकामी पेटी वगळू नये, कारण काहीच ऐकू न येणे हेही निरीक्षणच असते आणि मुलांना ते लिहिण्याचे धाडस सहसा होत नाही. लंबकासाठी पक्का दोरा आणि एकसारखे तीन नट आणावेत. याखेरीज मोजण्याची टेप, सेकंद काटा असलेले घड्याळ किंवा मोबाइलवरचे स्टॉपवॉच, आणि १५ लिफाफे लागतील.

लिफाफ्यांची योजना नीट समजून घ्यावी, कारण खेळाचा जीव तिच्यात आहे. प्रत्येक थांब्यावर एक प्रश्न असतो आणि त्याची तीन उत्तरे तीन लिफाफ्यांवर लिहिलेली असतात. चर्चा करून गटाने एकच लिफाफा उघडायचा. बरोबर उत्तराच्या लिफाफ्यात एक अक्षर आणि पुढच्या थांब्याची खूण असते. चुकीच्या लिफाफ्यात ‘चूक’ असे कधीही लिहू नये; तिथे एक प्रश्न ठेवावा, जो गटाला परत वस्तूकडे पाठवतो. चिठ्ठी वाचून, अक्षर आपल्या कार्डावर उतरवून, ती लिफाफ्यात परत ठेवायची, म्हणजे मागून येणाऱ्या गटालाही ती मिळते. पाच थांब्यांवरची पाच अक्षरे आहेत क, शा, व, रू, न. प्रत्येक गट वेगळ्या थांब्यापासून सुरुवात करत असल्यामुळे ती प्रत्येकाला वेगळ्या क्रमाने मिळतात आणि शेवटी जुळवावी लागतात.

पुढच्या थांब्याची खूणही अशी असावी, की ती ओळखण्यासाठी वर्गाकडे नीट पाहावे लागेल. ‘फळ्याजवळ जा’ असे लिहिण्यात काही अर्थ नाही. ‘जिथे रोज एक आकडा बदलतो आणि त्याच्या शेजारचा महिनाभर तसाच राहतो, तिथे जा’ असे लिहिले, तर आदल्या दिवशीचा धडा जागा होतो. ‘जिथे पहिल्या तासिकेला ऊन बाकावर असते आणि मधल्या सुट्टीपर्यंत भिंतीवर सरकते, त्या खिडकीखाली शोधा’ ही खूण ज्या मुलाला सुटते, त्या मुलाने वर्षभर खिडकीबाहेर पाहून वेळ वाया घालवला नव्हता, हे वर्गालाही कळते. या खुणा प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गाकडे पाहून स्वतःच लिहाव्यात.

पाच थांबे

पहिला थांबा बंद काडेपेट्यांचा. पेट्या उघडायच्या नाहीत. हलवायच्या, तिरक्या करायच्या, कानाशी धरायच्या, हातात तोलायच्या. कार्डावर दोन रकाने असतात: ‘काय जाणवले’ आणि ‘त्यावरून काय वाटते’. गेल्या वर्षी एका मुलीने पेटी जोरात हलवून सांगितले, ‘बाई, आत दोन वस्तू आहेत.’ तिच्या गटातल्या मुलाने ती पेटी हातात घेतली, अगदी सावकाश एका बाजूला कलती केली, ‘टक’ असा एकच आवाज ऐकला, मग दुसऱ्या बाजूला कलती केली, पुन्हा एकच ‘टक’. ‘एकच आहे, दोन्ही भिंतींना आपटते म्हणून तुला दोन वाटल्या,’ तो म्हणाला. मुलीने लगेच मान्य केले नाही. तिने स्वतः तसेच सावकाश करून पाहिले आणि मगच आपला दुसरा रकाना खोडून नव्याने लिहिला. पहिल्या रकान्याला तिने हात लावला नाही, कारण दोनदा आवाज आला हे खरेच होते. निरीक्षण तेच राहते आणि अनुमान बदलते, हे मी तासभर बोलून सांगितले असते, तरी इतके स्पष्ट झाले नसते.

या थांब्यावरचा प्रश्न: पुढीलपैकी निरीक्षण कोणते? ‘पेटीत चिंचोका आहे.’ ‘पेटी कलती केल्यावर एकदा टक असा आवाज येतो.’ ‘पेटीत लहान आणि कठीण वस्तू आहे.’ पहिले वाक्य मुले सहज बाजूला काढतात. घोटाळा तिसऱ्यावर होतो, कारण ते सावध वाटते. त्या लिफाफ्यातल्या चिठ्ठीवर लिहावे: ‘कठीणपणा तुम्ही बोटाने दाबून पाहिलात का?’

खेळ संपल्यावर मुले पेट्या उघडण्याचा आग्रह धरतील. उघडू नयेत, असे माझे ठाम मत आहे. पेटी उघडली, की ज्याचा अंदाज बरोबर आला तो जिंकला आणि विचार कसा केला याला किंमत उरली नाही, असा उलटा धडा मिळतो. पृथ्वीचा गाभा कोणी उघडून पाहिलेला नाही. भूकंपाच्या लहरी कशा वळतात आणि कुठे पोहोचत नाहीत, यावरून तो कळला आहे. मुलांना हे सांगितले, तर ती थोडी हिरमुसतात, पण पेट्या कपाटात राहतात आणि वर्षभर कोणी ना कोणी त्या मागून घेऊन पुन्हा ऐकत राहते.

दुसरा थांबा मुगाच्या वाट्यांचा. चौथ्या दिवशी पहिल्या वाटीत हिरवट, आखूड रोपे दिसतात. खोक्याखालच्या वाटीत ती अधिक उंच, फिकट पिवळसर आणि लुळी दिसतात. कोरडी वाटी जशीच्या तशी असते. प्रश्न असा: ‘मोड येण्यासाठी उजेड लागतो का, हे ठरवायला कोणत्या दोन वाट्या शेजारी ठेवाल?’ पर्याय तीनच होतात. ओली-उजेडातली आणि ओली-अंधारातली या जोडीत फक्त उजेड बदलला आहे, म्हणून ती योग्य. ओली-उजेडातली आणि कोरडी-उजेडातली या जोडीत फक्त पाणी बदलले आहे; ती वेगळ्या प्रश्नासाठी योग्य. ओली-अंधारातली आणि कोरडी-उजेडातली या जोडीत दोन्ही गोष्टी बदलल्या, त्यामुळे तिच्यावरून काहीच सांगता येत नाही. नियंत्रण हा शब्द इथे मुलांच्या हातात येतो. चुकीच्या दोन लिफाफ्यांत एकच प्रश्न ठेवावा: ‘या दोन वाट्यांत किती गोष्टी वेगळ्या आहेत, बोटावर मोजा.’

मोड यायला उजेड लागत नाही, हे पाहून काही मुलांना नवल वाटते. मग कोणीतरी म्हणते, की आजी मटकी फडक्यात बांधून डब्यात ठेवते, तिथे कुठे उजेड असतो? पुरावा घरातच होता, फक्त त्याकडे पुरावा म्हणून कोणी पाहिले नव्हते. एखादे मूल असेही म्हणेल, की खोक्याखाली नुसता अंधार नाही, हवाही कोंदट आहे. त्याचे म्हणणे खरे आहे. त्याला भरल्या वर्गात शाबासकी द्यावी आणि खोक्याला कडेने उजेड न येऊ देणारी भोके कशी पाडता येतील, याचा विचार त्याच्याच गटाकडे सोपवावा.

तिसरा थांबा लंबकाचा, आणि त्यावर सर्वांत जास्त वेळ जातो. खिडकीच्या गजाला दोन दोरे बांधावेत. गाठीपासून नटाच्या मध्यापर्यंत एक १०० सेंटिमीटर, दुसरा २५ सेंटिमीटर. प्रयोगाला हात लावण्यापूर्वी गटाने आपली परिकल्पना ‘जर’ आणि ‘तर’ घालून लिहायची: ‘जर एकाऐवजी दोन नट लावले, तर ३० सेकंदांतले झोके कमी होतील,’ यासारखी. ती पेनाने लिहून कार्ड उलटे ठेवायचे. पेनाचा आग्रह यासाठी, की प्रयोग झाल्यावर आपली परिकल्पना खोडून ‘बरोबर’ परिकल्पना लिहिण्याची मुलांना फार घाई असते. चुकलेल्या परिकल्पनेला गुण कमी होत नाहीत, आणि ती चुकली हे प्रयोगाने दाखवले म्हणजे प्रयोग यशस्वी झाला, हे खेळाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवावे.

नट एक वीतभर बाजूला ओढून अलगद सोडायचा, ढकलायचा नाही. सोडताना ‘शून्य’ म्हणायचे आणि नट जाऊन परत आला की ‘एक’. मुले सोडतानाच ‘एक’ म्हणतात आणि प्रत्येक मोजणीत एक झोका वाढतो, म्हणून हे आधी करून दाखवावे. लांब दोऱ्याचे ३० सेकंदांत साधारण १५ झोके होतात आणि आखूड दोऱ्याचे साधारण ३०. दोन नट लावून पाहताना ते एकाखाली एक न बांधता शेजारी-शेजारी, त्याच उंचीवर बांधावेत; नाहीतर वजनासोबत लांबीही बदलते आणि दुसऱ्या थांब्यावरचा धडा इथे मोडतो. प्रत्येक मोजणी किमान दोनदा करायची. शेवटचा प्रश्न: ‘झोक्यांची संख्या कशामुळे बदलली?’ लिफाफ्यांवर ‘दोऱ्याची लांबी’, ‘नटांची संख्या’ आणि ‘दोन्ही’ असे पर्याय असतात. जड नट सावकाश झुलेल, ही परिकल्पना बहुतेक गटांची असते आणि ती त्यांच्याच आकड्यांपुढे टिकत नाही. मुलांच्या चेहऱ्यावरचा तो क्षण शिक्षकाने जवळ उभे राहून पाहण्यासारखा असतो.

चौथा थांबा मापनाचा आहे आणि तो सोपा आहे. एकाच बाकाची लांबी सातही जणांनी आपापल्या वितीने मोजायची, मग टेपने तीनदा मोजायची. विती वेगवेगळ्या येतात. ‘आकडे वेगळे का आले?’ याला ‘कोणीतरी चुकीचे मोजले’, ‘प्रत्येकाचे मापच वेगळे होते’ आणि ‘बाक सरळ नव्हता’ असे तीन लिफाफे असतात. टेपनेही तिन्ही वेळा नेमका तोच आकडा येईलच असे नाही, एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतात. ते आकडे जसेच्या तसे लिहायचे, जुळवून घ्यायचे नाहीत. चुकीचा आकडा खोडण्याऐवजी त्यावर एकच आडवी रेघ मारावी, म्हणजे खालचे वाचता येते; या खेळात खोडरबर मी सुरुवातीलाच जमा करून घेते.

पाचवा थांबा वाचनाचा. इटलीतील वैद्य फ्रान्चेस्को रेदी याने १६६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाची आठ वाक्ये वेगवेगळ्या पट्ट्यांवर लिहून ठेवावीत. सडक्या मांसातून अळ्या आपोआप निर्माण होतात, असे त्या काळी मानले जाई. रेदीने काही बरण्यांत मांस उघडे ठेवले, काही बरण्या पक्क्या बंद केल्या, आणि काहींच्या तोंडाला बारीक जाळी बांधली, म्हणजे हवा आत जाईल पण माश्या जाणार नाहीत. उघड्या बरण्यांतल्या मांसात अळ्या झाल्या. जाळीखालच्या मांसात झाल्या नाहीत. मुलांनी पट्ट्या क्रमाने लावून प्रत्येकीसमोर परिकल्पना, प्रयोग, नियंत्रण, निरीक्षण किंवा निष्कर्ष असे कार्ड ठेवायचे. जाळीची बरणी कशासाठी, हा इथला कळीचा प्रश्न आहे. नुसती बंद बरणी ठेवली असती, तर हवा नव्हती म्हणून अळ्या झाल्या नाहीत, असे कोणीही म्हणू शकले असते. लिफाफ्यांवरच्या तीन वाक्यांतून निष्कर्ष निवडायचा असतो आणि ‘अळ्या माश्यांच्या अंड्यांतून होतात, मांसातून आपोआप होत नाहीत’ हेच वाक्य योग्य ठरते. तांदळात पोरकिडे ‘आपोआप’ होतात असे घरी ऐकलेली मुले इथे हमखास थबकतात. त्यांना उत्तर देऊ नये. रेदीच्या बरण्या तांदळासाठी कशा मांडाल, एवढेच विचारावे.

खेळाचा दिवस

सुरुवातीची पाच मिनिटे नियमांसाठी, मग प्रत्येक थांब्याला नऊ मिनिटे आणि शेवटची वीस मिनिटे चर्चेसाठी, असे ७० मिनिटांचे गणित बसते. घंटा वाजेपर्यंत कोणताही गट थांबा सोडणार नाही आणि वाजली की सगळे एकदम हलतील. त्यामुळे धावाधाव होत नाही, एकाच थांब्यावर दोन गट जमत नाहीत आणि लवकर संपवण्याची चढाओढही राहत नाही. लवकर संपवलेल्या गटाने मोजणी पुन्हा करायची. पुनरावृत्ती हा शब्द यादीत आहेच.

गटात कामे वाटून द्यावीत. एकाने नोंदी लिहायच्या, एकाने वेळ पाहायची, दोघांनी साहित्य हाताळायचे, दोघांनी मोजायचे, आणि एकाचे काम फक्त शंका काढण्याचे. हे सातवे काम सर्वांत महत्त्वाचे आहे. गट लिफाफ्याला हात लावण्याआधी या मुलाने किंवा मुलीने ‘हे तुम्हांला कसे कळले?’ असे विचारायचेच, आणि उत्तरात कार्डावरची एखादी नोंद दाखवता आली पाहिजे. दर थांब्याला कामे बदलत राहिली, की नेहमी बोलणारी दोन मुलेच सगळे ठरवत नाहीत. ज्याला नीट दिसत नाही, असे मूल वर्गात असेल, तर काडेपेट्यांच्या थांब्यावर गटाला त्याचे कान सर्वांत जास्त उपयोगी पडतात, हे मी पाहिले आहे. मुगाचे मोडही बोटांनी छान कळतात.

शिक्षकाने या वेळात कोणत्याही थांब्यावर उत्तर सांगू नये. फिरत राहावे, कानावर पडणारी वाक्ये वहीत टिपावीत. ‘आत काहीतरी जड आहे’, ‘उजेड नाही म्हणून वाढले’, ‘दोनदा तेच आले म्हणजे बरोबर’ अशी मुलांचीच वाक्ये चर्चेसाठी सोन्यासारखी असतात.

शेवटी गट अक्षरे जुळवतात आणि ‘कशावरून’ हा शब्द निघतो. त्यानंतर प्रत्येक गटाने आपल्या कार्डावरचे एक वाक्य मोठ्याने वाचायचे आणि उरलेल्या वर्गाने एका सुरात विचारायचे, ‘कशावरून?’ वाचणाऱ्या गटाने आकडा, आवाज, रंग किंवा तुलना दाखवायची. हे शक्य झाले नाही, तर ते वाक्य अनुमानाच्या रकान्यात टाकायचे. ते टाकणे ही हार समजायची नाही. खजिना म्हणून मी वर्गासाठी एक चांगले भिंग ठेवते. ते कोणा एका गटाला मिळत नाही, विज्ञान कोपऱ्यात टांगले जाते.

खेळानंतरचे दिवस

एका खेळाने शब्द पक्के होत नाहीत. आठवड्याने मुलांना न पाहिलेली वाक्ये द्यावीत आणि प्रत्येकासमोर निरीक्षण की अनुमान, तेवढेच लिहायला सांगावे. ‘अंगण ओले आहे.’ ‘रात्री पाऊस पडला.’ ‘चहावर साय धरली आहे.’ ‘शेजारचे गावाला गेले आहेत.’ ‘शेजारच्या दाराला कुलूप आहे.’ ही वाक्ये घरातली, अंगणातली असावीत. पुस्तकी वाक्ये मुले पुस्तकी पद्धतीने सोडवतात. पुढच्या प्रत्येक प्रयोगाच्या वेळी निष्कर्षाच्या ओळीपुढे ‘कशावरून’ असा एक छोटा रकाना वहीत वाढवून घ्यावा, म्हणजे मार्गदर्शकातून उतरवलेला निष्कर्ष तिथेच उघडा पडतो.

बऱ्याच शाळा असे उपक्रम २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनासाठी राखून ठेवतात. मला ते योग्य वाटत नाही, कारण तोवर वर्षाचे प्रयोग संपत आलेले असतात. हा खेळ जून-जुलैत घ्यावा. पावसाळी हवेत मूगही लवकर मोडावतात; हिवाळ्यात घ्यायचा झाला, तर वाट्या दोन दिवस आणखी आधी मांडाव्यात.

द्विशिक्षकी शाळेत, जिथे एका खोलीत तीन इयत्ता आणि मोजकी मुले असतात, तिथे पाचही थांबे एकदम मांडण्याची गरज नाही. सोमवार ते शुक्रवार रोज एक थांबा घ्यावा आणि मिळालेले अक्षर फळ्याच्या कोपऱ्यात, पट आणि हजर यांच्या खाली लिहीत जावे. तिसरी-चौथीच्या मुलांसाठी निरीक्षण आणि अनुमान हे दोनच शब्द पुरेत. नववीसाठी मात्र रेदीच्या पट्ट्यांच्या जागी जवळचे उदाहरण घेता येते. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात फलज्योतिषाची जी चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका त्यांनी जमवल्या आणि प्रत्येक ज्योतिषाकडे त्यांतल्या ४० पाठवून कोणती पत्रिका कोणत्या गटातली, ते विचारले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. त्यांच्या यशाचे सरासरी प्रमाण ४६ टक्के आले. इथे परिकल्पना काय होती, मुलांची ओळख का लपवली, दोन-चार पत्रिकांवर का भागले नसते, आणि नाणे उडवून किती उत्तरे बरोबर आली असती, हे चार प्रश्न नववीच्या वर्गाला एक पूर्ण तासिका पुरतात.

आवराआवर करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. कोरड्या मुगाची तिसरी वाटी रिकामी करू नये. पाण्याअभावी तिच्यात मोड आले नाहीत, असे आपण म्हटले खरे. पण ते मूग मुळात जिवंत होते का, हे कोणी तपासलेले नाही, आणि एखाद्या वर्षी एखादे मूल हे विचारतेच. खेळ संपला की त्याच दिवशी, वर्गासमोर, त्या वाटीत इतर दोन वाट्यांइतकेच पाणी मोजून घालावे, तारीख आणि वेळ कागदावर लिहावी, आणि वाटी पहिलीच्या जागीच उजेडात ठेवून द्यावी. दोन-तीन दिवसांनी तिच्यात किती मोड आले, ते मोजून लिहिण्याचे काम ज्याने शंका काढली त्यालाच द्यावे.